अष्टागरातला एक दिवस : चाकावर आणि पायी

किनाऱ्यावर एका दिवसाची सायकलसहल ठरवायची म्हटलं की बहुतेक जण नकाशा उघडून किलोमीटर मोजायला बसतात. मी आधी पंचांग बघते. अलिबागच्या आसपास सायकल आणि पायवाट यांची सांगड घालत हिंडताना एक गोष्ट पक्की कळली, इथे अंतर हा सर्वांत सोपा भाग आहे. रस्त्याला मोठे चढ नाहीत, गावं एकमेकांना लागून आहेत, चहा-पाणी कुठेही मिळतं. दिवस सुखाचा जातो की शिणवतो, हे ऊन, पाणी आणि वारा यांवर ठरतं. म्हणून इथे तीन वाटा सांगते आहे. एक उन्हाच्या हिशेबाने निवडायची, एक पाण्याच्या आणि एक वाऱ्याच्या.

हा सगळा मुलूख नारळ-पोफळीच्या आगरांचा, अष्टागराचा. थळ, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही त्यातली ठळक गावं. किनारपट्टी अरुंद आहे. वाळू, तिच्यामागे सुरूची बनं, मग वाड्या, मग भातखाचरं आणि लगेच डोंगर. त्यामुळे समुद्राकाठून सायकल काढली की तासाभरात चांगल्या बाराशे फुटी डोंगराच्या पायथ्याशी पोचता येतं. सकाळी डोंगर आणि दुपारी समुद्र, असा दिवस मुंबईच्या इतक्या जवळ दुसरीकडे क्वचितच मिळतो.

मुंबईहून यायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट उत्तम. ती २०२० मध्ये सुरू झाली आणि सायकलवाल्यांची मोठी सोय झाली. सायकल सुटी करावी लागत नाही. तिचं वेगळं तिकीट काढायचं, खाली गाड्यांच्या शेजारी ती नीट टेकवून ठेवायची आणि वर जाऊन बसायचं. साधारण तासाभरात मांडवा येतो. रस्त्याने आलात तर मुंबई ते अलिबाग हे अंतर शंभर किलोमीटरच्या घरात जातं आणि त्यातला बराच भाग अवजड वाहनांच्या सोबतीने कापावा लागतो. गेटवे ऑफ इंडियाहून सुटणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. रो-रोचं वेळापत्रकही आदल्या दिवशी पाहून घ्यावं, कारण हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात. पुण्याकडच्यांनी खोपोली-पेणमार्गे गाडीने अलिबाग गाठावं आणि तिथून सायकलवर बसावं.

कनकेश्वर : उन्हाच्या आधी

पहिली वाट मांडव्याहून कनकेश्वरला जाऊन समुद्राकाठच्या रस्त्याने परतण्याची. सायकलचा पल्ला सगळा मिळून तीसेक किलोमीटरचा, म्हणजे सवय नसलेल्यालाही झेपणारा. खरी मेहनत पायांची आहे. मापगावच्या पायथ्याशी सायकल एखाद्या घराच्या अंगणात विचारून ठेवायची आणि दगडी पायऱ्या धरायच्या. सुमारे सातशे पायऱ्या आहेत. आंग्र्यांच्या काळात बांधलेल्या या पायऱ्या रुंद आहेत आणि बऱ्याच भागावर झाडांची सावली आहे. मध्ये नागोबाचा टप्पा लागतो, तिथे बसून दम खाण्याचा रिवाज आहे. बेताने चढलं तर वर पोचायला तासाभराच्या आसपास लागतो.

माथ्यावर शंकराचं जुनं देऊळ आणि त्याच्या पुढ्यात पायऱ्यांची मोठी पुष्करणी आहे. एवढ्या उंचीवर भर उन्हाळ्याच्या तोंडाशीही हिरवं पाणी साठलेलं पाहिलं की या जागेची निवड करणाऱ्यांचं कौतुक वाटतं. कड्याच्या बाजूला आलं की पश्चिमेला समुद्रात खांदेरी-उंदेरी ही जोडबेटं दिसतात.

या वाटेचा शत्रू ऊन. जानेवारीतही दहानंतर दमट हवेत पायऱ्या चढताना अंगातलं पाणी भराभर कमी होतं. त्यामुळे पहिली बोट पकडून, वाटेत कुठेही न रमता, थेट मापगाव गाठायचं. रमण्यासाठी परतीचा रस्ता आहे. मापगावहून चोंढीला येऊन किहीमकडे वळलं की मुख्य रस्त्यावरची वर्दळ मागे राहते आणि किहीम, आवास, सासवने अशी वाड्यांमधून जाणारी सावलीची वाट सुरू होते.

पक्ष्यांची आवड असणाऱ्यांना किहीमचं नाव नवं नाही. डॉ. सलीम अली यांनी १९३०च्या सुमारास इथे राहून सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. नर एकामागून एक घरटी विणतो, मादी ती तपासून पाहते आणि पसंत पडलं तरच तिथे संसार मांडते, हे त्यांनी इथल्या निरीक्षणातून मांडलं. विणीचा हंगाम पावसाळ्याचा, पण जुनी घरटी हिवाळ्यातही झाडांना लोंबताना दिसतात. पुढे सासवन्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं घर आणि संग्रहालय आहे. पुण्यातला शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांनी घडवला. तो १९२८ मध्ये उभा राहिला. त्या हातांनी घडवलेली माणसं, जनावरं आणि गावातले साधे चेहरे त्यांच्याच घराच्या अंगणात पाहायला मिळतात. इथे तासभर हाताशी ठेवावा. तिथून मांडवा अगदी जवळ आहे.

कुलाबा : पाण्याच्या घड्याळावर

दुसरी वाट मांडव्याहून अलिबागला जाऊन परत येण्याची, जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. इथे चालायचं ते डोंगरावर नव्हे, समुद्राच्या तळावरून. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात उभा आहे आणि ओहोटीला तिथवर पायी जाता येतं.

ओहोटी कधी, हे काढण्याची कोकणातली पद्धत सोपी आणि भरवशाची आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांनी, पावणेअकराच्या आसपास, पूर्ण ओहोटी. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा माथ्यावर येतो, त्यामुळे भरतीही तेवढीच पुढे सरकते. म्हणून ही पाऊणपट जुळते.

पण वेळ जुळली म्हणजे झालं असं नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप चढतं आणि तेवढंच मागेही हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असते आणि चढ-उतार कमी होतो. आता गंमत पाहा. ओहोटी नेमकी भर दुपारी हवी म्हणून अष्टमी निवडली, तर पाणी पुरतं हटत नाही आणि किल्ल्याच्या वाटेवर ते गुडघ्याच्या वर राहू शकतं. पौर्णिमा निवडली तर वाट चांगली मोकळी होते, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे दिवसाच्या सहलीला निरुपयोगी. यातला मध्य म्हणजे चतुर्थी ते षष्ठी. ओहोटी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान येते आणि पाणीही बऱ्यापैकी हटतं. दुपारनंतर पोचणार असाल तर द्वादशी-त्रयोदशी पाहावी, तेव्हा तीन-चारच्या सुमारास वाट उघडी पडते. हा हिशेब दिवस निवडायला पुरतो. प्रत्यक्ष पाण्यात पाय घालण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावं आणि किनाऱ्यावरच्या माणसांना विचारावं.

आम्ही गेलो ती पौषातली षष्ठी होती. मांडव्याहून निघून किहीमच्या पुढे नवगाव लागतं. बेने इस्रायली ज्यू समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज जहाज फुटून याच किनाऱ्याला लागले. त्यांचं स्मारक इथे आहे. तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी काम न करणारी ही माणसं जुन्या कुलाबा जिल्ह्यात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली जात आणि मराठी हीच त्यांची बोली झाली. त्यापुढे थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी समोर दिसतो. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांचा विरोध मोडून काढत या बेटावर किल्ला उभारला. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत खांदेरी आहे.

अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी बरंच मागे गेलं होतं. सायकली किनाऱ्यावरच्या एका टपरीपाशी लावल्या. घोडागाडीवाल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “ताई, चालत जा खुशाल. पण बारा वाजायच्या आत माघारी फिरा. मग पाणी भरभर येतं.” ओल्या, घट्ट वाळूवरून आणि मध्ये घोटाभर पाण्यातून चालत गेलो. वाटेत खडकांवर कालवं चिकटलेली, खळग्यांत अडकलेले छोटे मासे, आणि चिखल्या-तुतवारांसारखे हिवाळी पाहुणे पक्षी पाण्याच्या कडेकडेने टिपत फिरणारे. एरवी दोन-तीन पुरुष पाण्याखाली असणारी ही दुनिया दिवसातून थोडाच वेळ उघडी असते. तिच्यातून चालत किल्ल्यावर जाणं हाच या वाटेचा मोठा आनंद आहे.

कुलाब्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. तीनशे वर्षांहून अधिक काळ हा तट अरबी समुद्राचा मारा सोसत उभा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन चालून आले, तरी त्यांना हे ठाणं घेता आलं नाही. आत रघूजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणेश पंचायतन आहे आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे.

परतल्यावर गावात कान्होजींची समाधी पाहावी. समुद्राकाठी चुंबकीय वेधशाळाही आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाबा भागातल्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाची इतकी जुनी आणि अखंड नोंद जगात थोड्याच ठिकाणी आहे.

कोर्लई : वाऱ्याचा हिशेब

तिसरी वाट अलिबागहून दक्षिणेला रेवदंडा आणि खाडीपलीकडे कोर्लई. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. तिन्हींत मला ही सर्वांत जवळची वाटते. मात्र त्यासाठी आदल्या रात्री अलिबागला मुक्काम हवा.

हिवाळ्यात या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो मंद आणि थंड असतो. जमीन तापली की दुपारी उलट दिशेने, वायव्येकडून, खारा वारा सुटतो आणि तीन-चारपर्यंत जोर धरतो. सकाळी दक्षिणेला जाताना काही जाणवत नाही. दुपारी उत्तरेला परतताना मात्र तोच सपाट रस्ता चढाचा वाटू लागतो. उपाय दोन. दिवस उजाडताच निघून दहापर्यंत कोर्लई गाठावं. आणि दुपार चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमध्ये घालवून, ऊन आणि वारा दोन्ही उतरल्यावर, साडेचारनंतर अलिबागकडे निघावं. या भागात रस्ता बहुतेक नारळी-पोफळींतून जातो आणि ती झाडं वारा अंगावर घेतात.

अलिबागहून खाडीवरचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना तिवरांचं रान दिसतं. पलीकडे आक्षी. इथला शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी मानला जातो. अनेक अभ्यासक त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचतात. मग नागाव, आणि मग चौल. रस्त्याच्या कडेला आज शांत वाड्या आणि कौलारू घरं दिसतात, पण हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल-मसुदी इथे आला. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितीन समुद्रमार्गे येऊन चौलला उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्यातल्या एका शाळेच्या आवारात आहे. १५०८ मध्ये चौलच्या बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांचा पराभव केला.

रेवदंड्यात रस्ताच पोर्तुगीज कोटाच्या भिंतीतून आत शिरतो. समुद्राच्या बाजूला सातखणी मनोरा अजून उभा आहे. परतताना इथे थांबावं. आधी कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल ओलांडून कोर्लई गाठावं. पुलावर वारा आडवा लागतो आणि रस्ता अरुंद आहे, तिथे एकामागे एक चालवावं.

कोर्लईचा डोंगर खाडीच्या मुखाशी समुद्रात लांबवर घुसलेला आहे. उंची शंभर मीटरही नाही. गावातून दीपगृहापर्यंत सायकल जाते आणि तिथून पायऱ्या चढून पंधरा-वीस मिनिटांत गडावर पोचता येतं. चढ सोपा, पण माथा इतका चिंचोळा की दोन्ही बाजूंना एकाच वेळी पाणी दिसतं. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून ही जागा घेतली आणि डोंगराच्या सबंध धारेवर आडव्या भिंती घालून तिचे भाग पाडले. एक दरवाजा पडला तरी पुढचा लढवता यावा, अशी ती रचना. दरवाजांमागून दरवाजे ओलांडत टोकापर्यंत चालत जावं. वाटेत तोफा, पडक्या चर्चच्या भिंती, पाण्याचं टाकं आणि महादेवाचं देऊळ लागतं. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आलं आणि पोर्तुगीज इथून गेले. त्यांची भाषा मात्र राहिली. खाली गावातली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीज-मराठीच्या मिलाफातून घडलेली बोली बोलतात. सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाल्यावरही एका गावाने जपलेली ही बोली मला गडाच्या तटाइतकीच मोलाची वाटते.

दुपारी चौलला रामेश्वराच्या देवळात यावं. समोरच्या पुष्करणीच्या काठावर थंड सावली असते. पायांत अजून जोर असेल तर दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या चढाव्यात. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तिथे मोठी यात्रा भरते, तेव्हा सायकलने जायचं टाळावं. जेवायला गावातल्या एखाद्या घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवावं. जानेवारी-फेब्रुवारीत ओळखीचं कुणी असेल तर पोपटी खायला मिळते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून, ते उपडं घालून, भोवती जाळ करून शिजवतात. त्याच सुमारास रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसू लागतात. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सायकलच्या पिशवीत एक वेणी सहज मावते.

निवड कशी करावी

नव्याने सायकल धरली असेल, सोबत घरची मंडळी असतील, तर कनकेश्वर घ्या. अंतर कमी, तिथीचं बंधन नाही, फक्त लवकर निघायचं. शाळकरी मुलांना घेऊन जाणार असाल तर कुलाबा, पण तिथी पाहूनच. ती जुळत नसेल तर हट्ट न करता दिवस बदला. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर चालवण्याची सवय असेल आणि इतिहासाची गोडी असेल, तर कोर्लई. निव्वळ डोंगरवाट हवी असेल तर अलिबागजवळच्या खंडाळे गावातून सागरगड चढता येतो. तो साडेतेराशे फुटांच्या आसपास आहे आणि सायकलचं अंतर थोडं, चढ मात्र दमवणारा.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. पावसाळ्यात कुलाब्याची वाट बंद असते आणि डोंगरावरच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. शनिवार-रविवारी अलिबागचे रस्ते गाड्यांनी भरतात, म्हणून आठवड्यातला मधला दिवस निवडा. महागडी सायकल लागत नाही. गिअरची साधी सायकल, हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंक्चरचं सामान, माणशी दोन लिटर पाणी आणि चालण्यासाठी पकड असलेले बूट एवढं पुरे. वाळूत सायकल घालू नका. खारी रेती साखळीत आणि बेअरिंगमध्ये शिरते, आणि वाळूत बिळं करून राहणाऱ्या खेकड्यांवरूनही चाकं जातात. घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, साखळीला तेल द्या.

आणि एक विनंती. खाडीकाठची तिवरं, ओहोटीला उघडे पडणारे खडक आणि किनाऱ्यावरची सुरूची बनं यांच्या जोरावर हा किनारा टिकून आहे आणि इथल्या कोळ्यांचं पोट भरतं आहे. रेवस ते रेड्डी सागरी मार्गावरचे पूल पुरे झाले की इथली वाहनं वाढतील. तोवर सायकलवरून आणि पायी हिंडणाऱ्यांनी इथे कसं वागावं याची चांगली रीत घालून द्यायला हवी. खडकांवरची कालवं, शंख उचलू नका. प्लॅस्टिक परत न्या. जेवण, पाणी, मुक्काम यांचे पैसे गावातल्याच माणसाच्या हाती पडतील असं पाहा. पुढच्या महिन्याचं पंचांग उघडा, चतुर्थी ते षष्ठी यांतला कामाचा एक दिवस हेरा, रजा टाका आणि निघा.